खारींची संकष्टी

आमच्या ह्यांना कंपनीनं घरी बसवलं, त्या आठवड्यात त्यांनी गॅरेजमधले सगळे स्क्रू आकारानुसार बरण्यांत लावले. दुसऱ्या आठवड्यात माझे मसाल्यांचे डबे लावले, त्यांवर लेबलं चिकटवली आणि हिंगाच्या डबीवर 'तपासणे' असं लिहून ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात घरात लावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते सोफ्यावर बसले आणि बसूनच राहिले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि संध्याकाळी तोच शर्ट काढून हँगरला लावायचे. मी आतून घाबरले होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात हा माणूस इतका गप्प मी पाहिला नव्हता. झोपेतसुद्धा ते मीटिंगा घेत असत.

आम्ही तेव्हा अमेरिकेतलं देशी वस्तीचं मॉरिसव्हिल सोडून तासाभराच्या अंतरावर दक्षिणेला राहायला आलो होतो. मुलगी नोकरीला दूर प्लेनोला गेली, ह्यांचं काम घरूनच चालायचं, मग झाडं असलेल्या ठिकाणी राहू, अशी टूम ह्यांनी काढली. मॉरिसव्हिलच्या मित्रमंडळींनी वेड्यात काढलं. जिथं कढीपत्ता आणायला हायवे पकडावा लागतो तिथं कोण राहायला जातं, असं सगळ्यांचं म्हणणं. पण इथली जमीन वाळूची, पाइन उंच आणि माणसं बहुतेक निवृत्त. आमच्या घरांच्या रांगेमागे जुन्या पाइनचा आणि बुटक्या ओकचा एक लांबट पट्टा आहे, त्यापलीकडे गोल्फचं मैदान. घर घेताना ह्यांनी घर नीट पाहिलंच नाही. मागच्या दारात उभे राहून त्या पट्ट्याकडे बघत 'हेच' म्हणाले. स्वयंपाकघर लहान आहे हे मला नंतर कळलं.

तर सोफ्यावरच्या त्या दिवसांत एका सकाळी दार वाजलं. दारात एक बाई. वय ऐंशीच्या आसपास, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात कागदांचा गठ्ठा. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि दुसऱ्या वाक्यात विचारलं, की तुमच्या मागच्या झाडांत फॉक्स स्क्विरल दिसते का. ही इथली मूळची खार. अमेरिकेत अंगणोअंगणी दिसणाऱ्या करड्या खारीच्या जवळजवळ दुप्पट मोठी, काळं डोकं, पांढरं नाक, पांढरे कान, आणि शेपूट तर बघत राहावी अशी. जुने मोकळे पाइन तोडले गेले तशी ती कमी होत गेली. आता गावातले पंधरा-वीस जण मिळून तिची नोंद ठेवत होते, तिच्यासाठी पोकळ झाडं राखत होते. आणि आमच्या सोसायटीच्या कमिटीला नेमका आमच्या मागचाच पट्टा साफ करून तिथं पिकलबॉलची, म्हणजे छोट्या टेनिसची, चार मैदानं करायची होती. पाच वठलेल्या पाइनना तोडायची खूण म्हणून नारिंगी फिती बांधूनही झाल्या होत्या. एप्रिलच्या सभेत निर्णय होता. त्या पट्ट्यात ही खार नुसती येतजात नाही तर राहते, हे तोपर्यंत दाखवता आलं तरच पट्टा वाचणार होता.

हे सोफ्यावरून उठले. ह्यांचं बालपण आंबेगाव तालुक्यातलं, म्हणजे भीमाशंकरचं जंगल हाकेच्या अंतरावर. राज्याचा प्राणी शेकरू तो तिथलाच. ह्या भांडवलावर ह्यांनी त्या बाईंना पंधरा मिनिटं शेकरूबद्दल माहिती दिली. बाई भारावून ऐकत होत्या. ह्यांनी आयुष्यात एकही शेकरू डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे मी चहा देताना सांगितलं नाही. नवऱ्याची लाज राखावी म्हणून नव्हे. तीन आठवड्यांनी ते बोलत होते, आणि मला ते थांबवायचं नव्हतं.

त्यानंतर खारींचं जे व्हायचं ते होवो, त्या पंधरा-वीस म्हाताऱ्यांचं काही खरं राहिलं नाही. तोवर ते आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमून कॉफी पीत आणि कुणाला काय दिसलं ते सांगत. ह्यांनी दर गुरुवारी नऊ वाजता उभ्यानं मीटिंग सुरू केली. उभ्यानं घेतली की मीटिंग लवकर संपते, असा ह्यांच्या कंपनीतला अनुभव. इथं दोघांचे गुडघे बदललेले आणि एक आजोबा ऑक्सिजनची नळी लावून येणारे, तेव्हा दुसऱ्या गुरुवारी खुर्च्या परत आल्या. पण कंपनीतल्या तक्रारींना असतो तसा प्रत्येक खारीला तिकीट नंबर मिळाला. 'बंद', 'चालू' आणि 'पडताळणी बाकी' असे रकाने झाले. बसवाल्या बाईंना हे 'मॅडम' म्हणायचे. ऐंशी वर्षांत आपल्याला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

आणि कॅमेरे आले. झाडाला पट्ट्यानं बांधायचे, समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारे. असे सहा कॅमेरे ह्यांनी त्या पट्ट्यात लावले. तीन नंबरचा आमच्या कुंपणापलीकडच्या पहिल्याच पाइनवर, तोंड जंगलाकडे. मॉरिसव्हिलची मंडळी एकेक पदार्थ घेऊन पोटलकला आली तेव्हा ह्यांनी त्यांना जेवायच्या आधी सहाही कॅमेरे दाखवून आणले. तुमचा खारीचा वाटा झाला असेल तर आता जेवू या का यार, असं एकानं विचारलं. त्यावर सगळे हसले आणि हेही हसले. मी स्वयंपाकघरातून ते हसू ऐकलं आणि भात जरा जास्तच वाढला.

आता माझं सांगते, कारण गुन्हेगार मी आहे.

माझ्या माहेरी, नागपूरला, पानावर बसण्याआधी एक घास बाहेर काढून ठेवायचा अशी रीत होती. कुणी खाल्ला ते बघायचं नाही. ठेवायचा आणि मागे वळायचं. मी फारशी देवधर्मातली नाही, पण ही एक गोष्ट अंगात भिनलेली आहे. घास ठेवला नाही तर माझ्या घशाखाली अन्न उतरत नाही. जर्सी सिटीत एकविसाव्या मजल्यावर राहत होतो तेव्हा तो बाल्कनीच्या कठड्यावर ठेवायचे. चार महिन्यांत साऱ्या परिसरातली कबुतरं आमच्याकडे यायला लागली आणि बिल्डिंगच्या ऑफिसातून पत्र आलं. ते पत्र मी ह्यांच्या हाती पडू दिलं नाही. मॉरिसव्हिलला घरामागच्या लाकडी डेकवर ठेवायचे. इथं मागच्या अंगणाच्या टोकाला, कुंपणाला लागून, एका तोडलेल्या झाडाचा छान सपाट बुंधा आहे. पावणेबाराला माझं जेवण. त्याआधी बुंध्यावर पोळीचा तुकडा आणि मूठभर शेंगदाणे. मूठ कधीकधी जरा मोठी व्हायची.

हे ह्यांना माहीत नव्हतं का, असा प्रश्न कुणालाही पडेल. नव्हतं. आधी ते ऑफिसात जेवायचे, मग घरून काम सुरू झालं तेव्हा वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून दोन वाजता जेवायचे. आता खारींचं ऑफिस निघालं तेही वरच्याच खोलीत. घरातल्या नवऱ्याला घरातलं किती दिसतं, हा खारींपेक्षा मोठा विषय आहे आणि त्यावर कुणी कॅमेरा लावलेला नाही.

आणि मला कळत नव्हतं का? बसवाल्या बाईंच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की खारींना कृपया खायला घालू नका. त्यानं करड्या खारी माजतात आणि नोंदीही बिघडतात. आमचं घर खायला घालत नाही, अशा कागदावर ह्यांनी दोघांच्या वतीनं सहीसुद्धा केली होती. मी तो कागद वाचला होता आणि मनापासून मान डोलावली होती. खायला घालणं म्हणजे दुकानातून मक्याचं पोतं आणून झाडाला टांगणं. मी तर घास काढत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका रविवारी ह्यांनी मला वर बोलावलं. मोठ्या स्क्रीनवर निळी रेघ होती. तीन नंबरच्या कॅमेऱ्याची. इतर पाच कॅमेऱ्यांत मिळून आठवड्याला दोन-तीन फोटो, आणि तीन नंबरला रोज दहा-दहा, पंधरा-पंधरा. काळं डोकं, पांढरं नाक, अगदी ऐटीत. बाराच्या सुमाराला नुसती वर्दळ. आमच्या घरामागे खारींचा हमरस्ता आहे, असा ह्यांचा निष्कर्ष होता. पण बोलावलं होतं ते त्यासाठी नव्हे. ती निळी रेघ सबंध महिनाभर डोंगरासारखी उंच राहायची आणि एक दिवस धाडकन खाली यायची. दुसऱ्या दिवशी परत वर. मग पुन्हा महिन्यानं खाली. चार महिन्यांत चार वेळा.

"बघ, दोन खड्ड्यांमध्ये एकोणतीस-तीस दिवस. प्रत्येक वेळी. पौर्णिमेनंतर चौथा दिवस," हे म्हणाले. "चंद्र आहे गं हा. कुणी लिहिलेलंच नाही हे कुठे."

पौर्णिमेनंतर चौथा दिवस.

मी खाली आले. दरवर्षी बहीण न चुकता पाठवते ते मराठी कॅलेंडर फ्रिजला लावलेलं असतं. गेल्या वर्षाचं अजून त्याच्याच मागे होतं. नोव्हेंबरपासूनची पानं उलटून पाहिली. चारही तारखा संकष्टीच्या. संकष्टीला मी दिवसभर चहावर असते, चंद्र उगवल्यावर जेवते. त्या दिवशी दुपारचा घास नाही. रात्री ठेवलेला घास बहुधा रॅकून नेत असेल, खारी तोवर झोपलेल्या असतात. एरवी त्याच खारी बुंध्यावरून एकेक दाणा उचलून जंगलात पुरायला न्यायच्या आणि दुसऱ्या दाण्यासाठी परत यायच्या. एका खारीच्या दहा फेऱ्या, दहा फेऱ्यांचे दहा फोटो. हमरस्ता होता तो माझ्या बुंध्याकडे येणारा. डिसेंबरअखेर पाच दिवस रेघ तळाला होती, ते थंडीच्या लाटेमुळे असं ह्यांनी लिहिलं होतं. त्या पाच दिवसांत आम्ही प्लेनोला मुलीकडे होतो.

दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. ह्यांनी तो आलेख कमिटीला ईमेलनं पाठवून दिला होता. मॅडम तो राज्याच्या वन्यजीव खात्याकडे पाठवणार होत्या. सकाळी आंघोळ करताना हे गुणगुणत होते, आणि ह्यांना सूर नाही, तरी मी बाहेर उभी राहून ऐकत होते. न सांगितलं तर काय बिघडेल, असं मला खरोखर वाटलं. पट्टा वाचेल, खारी वाचतील, नवरा गुणगुणत राहील. शेवटी मुलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं, एक मिनिट हसली आणि मग म्हणाली, "आई, यू करप्टेड द डेटा. यू हॅव टू टेल बाबा." तिच्या बापाची मुलगी आहे.

मी दुपारी ह्यांचं ताट घेऊन वर गेले आणि सांगून टाकलं. कॅलेंडरची पानं समोर ठेवली. ह्यांनी आधी पानांकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग परत पानांकडे. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे चार महिने मी तुझे उपास मोजत होतो," हे म्हणाले.

त्या दुपारी ते खाली येऊन सोफ्यावर बसले. इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर, थेट ऑक्टोबरसारखे. मी भांडी घासली, घासलेली परत घासली. दाण्यांचा डबा फडताळात मागे ढकलला आणि त्याच्यावर मला इतका राग आला की विचारू नका. पाच वाजता हे उठले, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल, मॅडमना सांगून येऊ. तूपण ये, तू को-ऑथर आहेस."

मॅडम खोकला येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून एकदम बस चालवणाऱ्या बाई झाल्या. कमिटीत एक निवृत्त वकील आहेत, त्यांना एक चूक सापडली की ते उरलेलं सगळं त्याच चुकीनं झोडपतात, तेव्हा आधी आपणच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. तिथल्या तिथं ह्यांनी कमिटीला दुसरी ईमेल लिहिली. तीन नंबरच्या नोंदी रद्द धराव्यात, कारण निरीक्षकाची पत्नी रोज खाद्य ठेवत होती. 'निरीक्षकाची पत्नी' वाचून मला आपण एखाद्या पंचनाम्यात असल्यासारखं वाटलं. चंद्राचं ह्यांनी लिहिलं नाही. दोन महिने उरले होते. माझा बुंधा बंद, मोजणी पहिल्यापासून.

आता घासाचं काय करायचं? पहिल्या दिवशी मी पानावर बसले आणि तशीच उठले. दुसऱ्या दिवशी वरणभात कसाबसा गिळला. तिसऱ्या दिवशी नागपूरला मावशीला फोन लावला. मावशीचं वय नव्वदीकडे झुकलेलं, पण असल्या बाबतींत तिचा शब्द मी शेवटचा मानते. तिला खार, कॅमेरा, कमिटी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, की घरात आणखी कोण आहे. म्हटलं, हे आहेत. ते कधी जेवतात? म्हटलं, दोन वाजता, वर, एकटेच.

"मग आधी त्याच्या पानात वाढ," मावशी म्हणाली. "बाहेर कशाला जातेस घास घेऊन?"

दुसऱ्या दिवसापासून पावणेबाराला मी पहिला घास ह्यांच्या ताटात वाढायला लागले. अट एकच, खाली येऊन जेवायचं. खारींची जागा आपल्याला मिळाली, हे ह्यांनी विशेष कुरकुर न करता मान्य केलं. मार्चची हवा छान होती, म्हणून आम्ही मागच्या पायऱ्यांवर ताटं घेऊन बसायचो. ह्यांच्या मांडीवर वही असायची. वहीत लिहायला काही नसायचं. निळी रेघ पार झोपली होती. आठवडाभरात तीन नंबरला चार फोटो, त्यातले दोन करड्या खारीचे आणि एक माझा, कुंपणापलीकडे सांडलेले दाणे वेचायला गेले तेव्हाचा. हे रोज शून्य लिहायचे, तेही नीट गोल, सुवाच्य अक्षरात.

मी मात्र त्या पायऱ्यांवर बसून पहिल्यांदाच वर पाहायला लागले. इतकी वर्षं घास ठेवून मागे वळायची सवय. कोण खातं, कुठून येतं, कुठं जातं, कधी थांबून पाहिलंच नव्हतं. आता हात रिकामे आणि डोळे मोकळे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला ती काळ्या डोक्याची खार दिसली. तोंडात झाडाच्या सालीच्या चिंध्यांचा बोळा धरून ती जमिनीवरून पळत आली, आमच्या बुंध्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि डावीकडच्या वठलेल्या पाइनवर सरसर चढून गेली. खूप वर एक भोक होतं, सुतार पक्ष्यानं कधीकाळी कोरलेलं. त्यात ती शेपटीसकट गुडूप झाली. त्याच पाइनच्या बुडाला नारिंगी फीत होती.

मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वर बोट दाखवलं. पाच मिनिटांनी ते पांढरं नाक भोकातून बाहेर आलं. ह्यांनी वहीत काही लिहिलं नाही. आमटी गार होईपर्यंत ते तसेच वर बघत राहिले, आणि मग हळूच मला म्हणाले, की आता खरंच सांगतो, मी शेकरू कधी पाहिलेला नाही. मला माहीत आहे म्हटलं.

कॅमेरा त्या भोकाकडे तोंड करून दुसऱ्या झाडावर गेला. महिनाभर ती एकटीच दिसत होती. एप्रिलच्या संकष्टीला सकाळपासून माझं डोकं दुखत होतं, उपासाला दुखतं तसं. ह्यांच्यासाठी मी भाताचा कुकर लावायला गेले तर म्हणाले, नको, आज मीही नाही जेवत. संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड आणायला ते स्वतः गेले आणि परत येताना धावत आले. छप्पन्न वर्षांचा माणूस, रिकाम्या पोटी, वाळूतून. फोटोत ती भोकाच्या तोंडाशी होती, आणि तिच्या मागून दोन काळी डोकी डोकावत होती, पांढऱ्या नाकांची. वेळ अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.

सभा पुढच्या आठवड्यात, संध्याकाळी सहाला, गोल्फच्या क्लबहाउसमध्ये. हॉल भरलेला. अर्धे लोक पिकलबॉलवाले, पायांत खेळायचे बूट घालूनच आलेले. मी मागच्या रांगेत मॅडमच्या शेजारी बसले. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आधी चुकीचा आलेख दाखवला आणि तो चुकीचा कसा ते सांगितलं. मग शून्यांचं पान, मग तो फोटो. हॉलमध्ये 'ओऽ' असा आवाज उठला. मग ते वकील उभे राहिले. त्यांचा प्रश्न रास्त होता, हे मला तेव्हाही कळत होतं. या गृहस्थांच्या घरून खारींना खायला दिलं जात होतं, असं त्यांनीच कळवलं आहे. मग हा फोटो काढताना झाडाखाली दाणे टाकले नव्हते, हे आम्ही कशावरून मानायचं?

सगळं माझ्या त्या मुठीपाशी येऊन थांबलं होतं. पट्टा जाणार, तिचं घर जाणार, आणि हे पुन्हा सोफ्यावर बसणार, तेही माझ्यामुळे.

ह्यांनी मागे जाऊन पहिला आलेख पुन्हा स्क्रीनवर आणला. ती निळी रेघ आणि तिच्यातले चार खड्डे.

"माझी पत्नी महिन्यातून एक दिवस चंद्र उगवेपर्यंत जेवत नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी दुपारी आमच्या घरातून दाणासुद्धा बाहेर जात नाही. हे चार खड्डे म्हणजे ते चार दिवस. हे मी चार महिने मोजलंय, तेव्हा काय मोजतोय हे मला माहीत नव्हतं, म्हणून त्यात लबाडी असायचा प्रश्नच नाही. आणि हा फोटो या महिन्यातल्या तशाच दिवसाचा आहे. त्या दिवशी ती उपाशी होती. मीही होतो. खारी आमच्यासाठी आल्या नव्हत्या. त्या घरी होत्या."

वकिलांनी तो आलेख बराच वेळ पाहिला, फोटोवरची तारीख पाहिली, खिशातून फोन काढून त्यात बहुधा चंद्र पाहिला आणि खाली बसले. मॅडमनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. गोल्फच्या मैदानावरच्या त्या हॉलमध्ये, जिथं संकष्टी हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता, माझा नवरा माझ्या उपासाची साक्ष काढत होता. सत्तावीस वर्षं मला वाटायचं, ह्यांना घरातलं काही दिसत नाही.

पिकलबॉलची मैदानं जुन्या पार्किंगवर करायची ठरली. पट्टा राहिला, वठलेले पाचही पाइन राहिले. फिती काढायला दुसऱ्या दिवशी हे आणि ऑक्सिजनवाले आजोबा मिळून गेले.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा ह्यांना कडकडून भूक लागली होती. मी पानं घेतली. पहिला घास त्यांच्या ताटात ठेवायला हात पुढे केला, तर त्यांनी ताट हातानं झाकलं, माझ्या पानातल्या पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि माझ्यासमोर धरला.

"आज आधी तू," म्हणाले.